घरपट्टीचं बटन बोलत का नाही? नगरपालिकेची वेबसाइट आणि दिव्यांग नागरिक

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली, पण फोन त्यांच्या हातात माझ्यापेक्षा वेगाने चालतो. बँकेचे मेसेज, वर्तमानपत्र, क्रिकेटचा स्कोअर, सगळं ते ऐकतात. मार्चमधल्या एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "अरे, तासभर घरपट्टी भरायला बसलोय. जरा बघ बरं काय म्हणतंय ते."

फोन म्हणत होता, "अनलेबल्ड, बटन. अनलेबल्ड, बटन. इमेज." मला पडद्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. निळ्या चौकटीत 'कर भरा', शेजारी 'पावती', खाली 'मालमत्ता शोधा'. सरांना मात्र तिन्ही ठिकाणी काहीच अर्थ लागत नव्हता. मी बटन दाबून दिलं. मग वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा आला, तो वाचून दाखवला. तेवढ्यात वेळ संपली म्हणून पान पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला सर म्हणाले, "कार्ड घे, मागचे तीन आकडेही तूच टाक आता." आयुष्यभर स्वतःचा कर स्वतः भरलेला माणूस. ते कार्ड हातात घेताना मला फार अवघड वाटलं.

हा प्रसंग सरांच्या घरापुरता नाही, म्हणून हा लेख. ८ नोव्हेंबर २०२४ आणि ३० एप्रिल २०२५ या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या दोन निकालांमुळे 'सुगम्यता' हा शब्द बातम्यांत येऊ लागला आहे. सुगम्यता म्हणजे एखादी जागा, वस्तू किंवा सेवा दिव्यांग व्यक्तीला दुसऱ्याच्या मदतीशिवाय वापरता येणं. इमारतीच्या बाबतीत ही गोष्ट चटकन कळते, कारण रॅम्प डोळ्यांना दिसतो. वेबसाइटच्या बाबतीत मात्र भलेभले गोंधळतात. तिथे पायऱ्या कुठे आणि रॅम्प कुठे?

## वेबसाइट ऐकायची म्हणजे कशी?

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते 'टॉकबॅक' नावाने असतं, आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' नावाने. संगणकासाठी 'एनव्हीडीए' आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी ते उभं केलं, २००६ पासून, आणि ते पूर्ण मोफत आहे. मराठी बोलणारे आवाजही मिळतात.

पण स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही. तो पडद्यामागची, वेबसाइट बनवणाऱ्याने लिहिलेली माहिती वाचतो. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे स्टीलचे डबे आठवा. आईला पाठ असतं की तिसऱ्यात तूरडाळ आणि पाचव्यात साबुदाणा. घरी आलेल्या पाहुण्याला मात्र ते सगळे सारखेच डबे. डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली की पाहुण्यालाही डाळ सापडते. सरांच्या फोनवरच्या त्या बटनांवर नेमकी ही चिठ्ठी नव्हती. बटनाच्या आत 'कर भरा' ही अक्षरं चित्र म्हणून रंगवली होती, नाव म्हणून लिहिलीच नव्हती. चिठ्ठी लावायला एखाद्या प्रोग्रामरला किती वेळ लागतो? एका बटनाला मिनिटभर.

आणखी एक गैरसमज असा की अंध माणूस सगळं पान वरून खालपर्यंत ऐकत बसतो. आपण तरी वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून वाचतो का? मथळे चाळतो, हवं तिथे थांबतो. स्क्रीन रीडर वापरणारेही तेच करतात. एनव्हीडीएवर 'एच'ची कळ दाबली की पुढच्या मथळ्यावर उडी बसते. पण त्यासाठी मथळा हा मथळा आहे असं यंत्राला सांगितलेलं असावं लागतं. नुसती अक्षरं ठळक आणि मोठी केली तर डोळ्यांना मथळा दिसतो, यंत्राला ते साधं वाक्यच वाटतं.

दुवे असेच चाळले जातात. पानावरच्या सगळ्या लिंकची यादी मागवता येते. ती यादी 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा' अशी वीस वेळा ऐकू आली तर करायचं काय? 'जन्म दाखल्याचा अर्ज' असं लिंकचंच नाव ठेवलं तर काम एका झटक्यात होतं. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाचंही तसंच आहे. तक्त्याच्या वरच्या रांगेला आणि डाव्या उभ्या रकान्याला 'हे शीर्षक आहे' असं सांगून ठेवलं, तर स्क्रीन रीडर प्रत्येक चौकोनात "प्रभाग सात, मंगळवार, सकाळी सहा ते आठ" असं सांगू शकतो. नाही सांगितलं तर नुसतंच "सहा ते आठ". कुठल्या प्रभागात आणि कोणत्या वारी, ते ऐकणाऱ्याने बोटं मोजून काढायचं.

## म्हणजे हा फक्त अंध व्यक्तींचा प्रश्न आहे?

नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ही संख्या ७ होती. त्यातल्या अनेकांना वेबसाइट अडवते, पण प्रत्येकाला वेगळ्या ठिकाणी.

ज्याचे हात थरथरतात किंवा ज्याला सेरेब्रल पाल्सी आहे, त्याला माउसचा बाण बारीकशा चौकोनावर नेऊन ठेवणं जमत नाही. तो कीबोर्डवरच्या 'टॅब' कळीने एकेक पाऊल पुढे जातो. एखादा मेनू फक्त माउस वर नेल्यावरच उघडत असेल, तर तो मेनू त्याच्यासाठी नाहीच. कर्णबधिर नागरिकाला आयुक्तांच्या व्हिडिओ संदेशाखाली मजकूर लागतो, आणि तक्रारीसाठी नुसता दूरध्वनी क्रमांक दिला असेल तर त्याची तक्रार कधीच पोहोचणार नाही. त्याला लिहून पाठवण्याची सोय हवी. रंगांधळेपणा असलेल्याला 'लाल चौकटीतली माहिती पुन्हा भरा' ही सूचना उपयोगाची नाही. अपस्माराचा त्रास असलेल्या काही जणांना लखलखणाऱ्या चित्रांनी झटका येऊ शकतो. म्हणून सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आपल्याकडे 'नवीन!' अशी लुकलुकणारी पाटी आणि पडद्यावर सरकत जाणाऱ्या बातम्या सरकारी साइटवर फार आवडीने लावतात. पाच सेकंदांहून जास्त वेळ हलणारी कुठलीही गोष्ट थांबवण्याची सोय हवी, असंही तो दंडक सांगतो. सरकत्या पट्टीवर बोट ठेवायला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो लगेच पटेल.

हे दंडक ज्या दस्तऐवजात आहेत त्याला 'डब्ल्यूसीएजी' म्हणतात. वेबचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने तो तयार केला. २००८, २०१८ आणि २०२३ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. सगळं मिळून तो चार प्रश्न विचारतो: मजकूर जाणवतो का, बटनं चालवता येतात का, सांगितलेलं समजतं का, आणि वेगवेगळ्या साधनांवर ते टिकतं का. त्याखाली मोजता येणारे निकष आहेत. उदाहरणार्थ, साधी अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर फिकट पिवळी किंवा फिकट राखाडी अक्षरं यात नापास होतात. उन्हात उभं राहून फोन बघणाऱ्या कुणालाही ती वाचता येत नाहीतच.

'समजतं का' या प्रश्नावर मी जरा थांबतो, कारण इथे तंत्रज्ञानाचा काही संबंध नाही. "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने पाणीपुरवठा खंडित राहील, याची नोंद घ्यावी." बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला हे कळणार नाही, तिच्या आईलाही दोनदा वाचावं लागेल. "मंगळवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ पाणी येणार नाही. सोमवारीच भरून ठेवा." एवढं लिहिलं की दोघींचं काम झालं.

## मराठी मजकुराचं खास दुखणं

परदेशातल्या मार्गदर्शिका वाचून आपल्या साइट सुधारायला गेलं की एक गोष्ट निसटते. आपला निम्मा प्रश्न तिथे कुणाला ठाऊकच नाही.

कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो मराठी नसतो. तिथे रोमन अक्षरंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो, एवढंच. कृतिदेवमध्ये 'क' साठी 'डी' ची कळ आहे आणि 'र' साठी 'जे' ची. म्हणजे कारकुनाने 'कर' टाइप केलं तर साठवलं गेलं 'डीजे'. स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही. तो आतलं वाचतो, आणि अख्खी सूचना ऐकणाऱ्याला निरर्थक बाराखडीसारखी वाटते. यावर उपाय आहे तो युनिकोडचा. या पद्धतीत जगातल्या जवळपास प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे 'क' हा आतून-बाहेरून 'क' च राहतो. तुम्ही आत्ता हा लेख वाचताय तो युनिकोडमध्ये आहे. डोळस माणसालाही याचा थेट उपयोग होतो: मुखवट्यातली 'घरपट्टी' गुगलवर शोधून सापडत नाही, युनिकोडमधली सापडते.

दुसरं दुखणं भाषेच्या खुणेचं. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला, आपल्याला न दिसणाऱ्या जागी, हे पान कुठल्या भाषेत आहे ते लिहायचं असतं. ती खूण वाचून स्क्रीन रीडर आवाज निवडतो. इंग्रजी साइटचा साचा उचलून मराठी केलेल्या पानांवर ती खूण 'इंग्रजी' अशीच राहून जाते. मग इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरं गाळून तरी टाकतो किंवा त्यांचं भलतंच काहीतरी करतो. खूण हिंदीची असेल तर हिंदी आवाज 'चमचा' हा शब्द 'चिमणी'तल्या च-ने म्हणतो, आणि तासभर तसं ऐकणं कानांना थकवतं. ही खूण बदलायला दोन अक्षरं पुरतात.

तिसरं दुखणं सगळ्यात मोठं आहे.

## "पण सही-शिक्का तर लागतोच ना?"

कुठल्याही नगरपालिकेत सूचना कशी तयार होते ते बघा. कारकून संगणकावर मजकूर टाइप करतो. या क्षणी तो मजकूर जिवंत असतो: वाचता येतो, शोधता येतो, मोठा करता येतो. मग त्याची प्रिंट निघते. साहेबांची सही होते, जावक क्रमांक पडतो, गोल शिक्का बसतो. तो कागद स्कॅनरवर ठेवतात आणि जी फाइल तयार होते ती वेबसाइटवर चढते. आता ती फाइल म्हणजे अक्षरांचा फोटो. जेवणाचा फोटो काढला म्हणून पोट भरत नाही, तसं अक्षरांच्या फोटोत अक्षरं नसतात. स्क्रीन रीडर त्याला "रिकामं पान" म्हणतो.

मला या साखळीचं फार वाईट वाटतं, कारण यात कुणी दुष्टपणा केलेला नाही आणि पैसाही कमी पडलेला नाही. ज्या मजकुरासाठी अंध नागरिक ताटकळतो तो त्याच कार्यालयातल्या संगणकात, टाइप केलेला, तयार पडलेला असतो.

प्रभागरचनेचं उदाहरण घ्या. महापालिकेच्या निवडणुकीआधी प्रारूप प्रभागरचना जाहीर होते आणि नागरिकांना ठरावीक मुदतीत हरकती घ्यायला सांगतात. नकाशा अंध व्यक्तीला पाहता येणार नाही हे खरं. पण प्रभागाची हद्द शब्दांतही लिहिता येते. उत्तरेला नाला, पूर्वेला रेल्वेमार्ग, दक्षिणेला अमुक रस्ता. हे वर्णन टाइप केलेल्या स्वरूपात असेल तर अंध मतदाराला आपली सोसायटी कुठल्या प्रभागात गेली ते स्वतः कळतं आणि हरकत घेता येते. स्कॅन असेल तर त्याची मुदत त्याला न कळताच संपते.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, "सहीशिवाय कागद अधिकृत कसा?" त्याची उत्तरं दोन आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता दिलेली आहे. अशी सही टाइप केलेल्या फाइलवरच बसते, छापून स्कॅन करावी लागत नाही. आणि ती सोय अजून नसेल तर सही केलेला स्कॅन आणि टाइप केलेला मजकूर असे दोन्ही चढवा. त्यातही मजकूर थेट वेबपानावर असेल तर उत्तम, फाइल उघडायचीच गरज नाही.

"स्कॅनमधून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर आहे की!" आहे, आणि जुन्या दप्तरासाठी ते वापरायलाच हवं. पण शिक्का अक्षरांवर बसलेला, कागद तिरका, त्यात तक्ता. मग ३ चा ८ होतो. मालमत्ता क्रमांकात किंवा अंतिम तारखेत एक आकडा चुकला तर नुकसान त्याच माणसाचं होतं ज्याच्याकडे मूळ कागदाशी ताडून बघायचा मार्ग नाही.

## कायदा नेमका काय म्हणतो?

२०१६ च्या अधिनियमातलं कलम ४० केंद्र सरकारला सांगतं की इमारती, वाहतूक, माहिती आणि संपर्क यांच्या सुगम्यतेची मानकं नियमांनी ठरवा. त्यानुसार २०१७ मध्ये नियम आले. त्यातल्या नियम १५ ने वेबसाइटसाठी 'भारतीय सरकारी वेबसाइट मार्गदर्शिके'कडे बोट दाखवलं. ही मार्गदर्शिका २००९ पासून आहे, तिची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि ती डब्ल्यूसीएजीवरच बेतलेली आहे. म्हणजे काय करायचं हे देशाला गेली अनेक वर्षं माहीत आहे.

अडचण वेगळीच होती. राजीव रतूडी या दृष्टिबाधित व्यक्तीने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर ८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल देताना न्यायालयाने म्हटलं की कायदा सक्तीची मानकं मागतो आणि नियम १५ मात्र शिफारशींची यादी देतो, म्हणून तो नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. 'हेल्मेट वापरावे' अशी पाटी लावणं आणि हेल्मेट नसेल तर दंड करणं यात जो फरक आहे, तोच हा. किमान काय असलंच पाहिजे ते सक्तीचं ठरवा आणि बाकीच्या सुधारणा टप्प्याटप्प्याने करा, असा या निकालाचा गाभा. त्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली होती. कलम ८९ नुसार कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजार ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पण नियमच ऐच्छिक असेल तर मोडलं काय, हेच ठरत नाही.

दुसरा निकाल ३० एप्रिल २०२५ चा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिबाधित याचिकाकर्त्यांचं म्हणणं होतं की ऑनलाइन ओळख पटवताना 'डोळे मिटा-उघडा' असं सांगितलं जातं आणि ते त्यांना शक्य नसतं. न्यायालयाने २० निर्देश दिले आणि स्पष्ट केलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. नगरपालिकेची घरपट्टी, दाखले, तक्रारी, पाण्याच्या सूचना हे सगळं या वाक्याच्या कक्षेत येतं, असं मला वाटतं.

## "आमच्या साइटवर 'अ+' 'अ-' ची बटनं आहेत की"

हो, आणि रंग उलटे करण्याचं गोल चिन्हही असतं. ती वाईट नाहीत. पण अक्षरं मोठी करणं, रंग बदलणं हे फोन आणि ब्राउझर स्वतःच करतात, आणि ज्याला गरज आहे त्याने ते आधीच करून ठेवलेलं असतं. ही बटनं बिनचिठ्ठीच्या डब्यांवर चिठ्ठी लावत नाहीत आणि स्कॅन केलेल्या कागदात जीव आणत नाहीत.

हल्ली 'आमची एक ओळ साइटमध्ये टाका, साइट आपोआप सुगम्य होईल' असं सांगणाऱ्या कंपन्याही दारात येतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये असा दावा करणाऱ्या एका कंपनीवर कारवाई करून तिला १० लाख डॉलर भरायला लावले, कारण दावा खरा नव्हता. आपल्या नगरपालिकेने निविदा काढण्याआधी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

## "गावात असे किती लोक असतात?"

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले, देशात २.६८ कोटी. ती मोजणीही २१ प्रकार कायद्यात येण्याआधीची. त्यात मोतीबिंदू पिकलेली आजी, हात मोडून प्लास्टरमध्ये असलेला रिक्षावाला, चष्मा घरी विसरलेले काका धरलेले नाहीत. शिवाय पालिकेच्या दारात ज्यांना सगळ्यात जास्त काम पडतं ते हेच लोक. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. त्या निधीच्या लाभाचा अर्ज जर स्कॅन केलेल्या पानावर असेल, तर ज्याच्यासाठी पैसा ठेवला त्यालाच अर्ज वाचता येत नाही.

"सेवा केंद्रात माणूस आहे की मदतीला" हा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो. मदत हवीच, पण ती पर्याय म्हणून. कार्डाचा गुप्त आकडा, ओटीपी, आजाराचं प्रमाणपत्र, शेजाऱ्याविरुद्धची तक्रार, या गोष्टी आपण परक्या माणसाला सांगू का? सरांनी मला कार्ड दिलं कारण माझ्यावर त्यांचा विश्वास होता. प्रत्येकाच्या शेजारी विश्वासाचं कुणी असेलच असं नाही. असलं तरी कर भरायला दरवर्षी त्याची सवड का बघायची?

खर्चाचं म्हणाल तर घर बांधताना नळाची पाइप भिंतीत टाकणं स्वस्त पडतं, रंग झाल्यावर भिंत फोडणं महाग. नवी साइट करून घेताना निविदेतच सुगम्यतेची अट घातली आणि ती पूर्ण झाल्याचं तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही असं ठरवलं, की बराचसा प्रश्न तिथेच मिटतो. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्याखालची 'एसटीक्यूसी' ही संस्था सरकारी वेबसाइट तपासून प्रमाणपत्र देते. सुरक्षेसाठी कॅप्चा हवाच असेल तर त्याला ऐकण्याचा किंवा ओटीपीचा पर्याय द्या, आणि अर्जाची वेळ संपत आली की ती वाढवून मागण्याची सोय ठेवा.

## मग सुरुवात कुठून?

माझ्या मते सुरुवात त्या कारकुनापासून व्हावी जो रोज सूचना चढवतो. साइट बनते एकदा, पण बिघडते रोज थोडी थोडी. आज एक स्कॅन, उद्या व्हॉट्सॲपवरून आलेलं सूचनेचं चित्र, परवा 'आयएमजी ००४७' नावाचा फोटो. त्या माणसाला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या: युनिकोडमध्ये टाइप कर, मथळ्याला मथळ्याची शैली लाव, फोटोखाली त्यात काय आहे ते एका ओळीत लिही, फाइल छापून पुन्हा स्कॅन करू नकोस. एवढ्यानेच पुढच्या सगळ्या सूचना वाचनीय होतात. जुन्या हजारो फाइलींचा डोंगर नंतर, त्यातही आधी अर्ज आणि नियम.

तपासणी कुणालाही करता येते. माउस बाजूला ठेवा आणि फक्त 'टॅब' आणि 'एंटर'वर घरपट्टी भरून बघा. आपण कुठल्या बटनावर आहोत ते दिसतंय का? मग फोनवर टॉकबॅक सुरू करून डोळे मिटा. दहा मिनिटांत जे कळेल ते कुठल्याही अहवालात सापडणार नाही. आपोआप तपासणारी मोफत साधनंही आहेत, पण फोटोखाली काही लिहिलंय एवढंच त्यांना कळतं, ते खरं आहे की नाही हे कळत नाही. म्हणून शेवटची तपासणी गावातल्याच दिव्यांग नागरिकांना बोलावून, त्यांना त्या वेळेचा मोबदला देऊन करावी.

ब्रिटनमध्ये २०१८ च्या नियमांनुसार स्थानिक परिषदांना आपल्या साइटवर एक निवेदन द्यावं लागतं. आमची कुठली पानं अजून वापरता येत नाहीत आणि तोवर तीच माहिती दुसऱ्या रूपात कशी मागायची, ते त्यात असतं. असं पान आपल्याकडेही उद्यापासून लावता येईल. आणि नागरिक म्हणून अडलात तर मुख्याधिकारी किंवा आयुक्तांना लेखी कळवा, नेमकं पान आणि नेमकी अडचण लिहून. उत्तर आलं नाही तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार या आयुक्तांना कायद्याने दिले आहेत.

सरांनी आणि मी तसंच पत्र लिहिलं. सरांनी सांगितलं, मी टाइप केलं, अर्थात युनिकोडमध्ये. महिनाभर काही झालं नाही. मग एका सकाळी सरांचा फोन आला. "अरे, उद्या दिवसभर पाणी नाही, आज भरून ठेव. साइटवर सूचना आलीय." मी उघडून पाहिलं. शिक्क्याच्या स्कॅनखाली चार ओळी साध्या टाइप केलेल्या होत्या.

घरपट्टीच्या बटनाला मात्र अजून नाव नाही. त्याचं दुसरं पत्र सरांनी काल सांगून पूर्ण केलं.